व्याह्यांना दिलेली टीम

सुधाचा राग रोडग्यांवर नव्हता, रोडगे खाणाऱ्यांवर होता. सकाळी उठल्यापासून तिने कणीक तिंबली, एकात एक पारी घालून मोठाले गोळे वळले, वांगी चिरली, तुरीचं वरण चुलीवर ठेवलं. बागेतला गडी कवडू याने गोवऱ्या पेटवून निखारा करून दिला आणि तो झाडांना पाणी सोडायला निघून गेला. आता धूर नेमका तिच्याच डोळ्यांत जात होता. तिकडे संत्र्याच्या झाडाखाली सतरंजीवर बसून तिचे सासरे रघुनाथराव आपल्या थोरल्या मुलाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सांगत होते, "रोडगे लावणं हे माणसाचं काम आहे, प्रभाकर. बाईले त्याचा अंदाज येत नाही." हे वाक्य ती लग्न होऊन सौंसरला आल्यापासून ऐकत होती. सासऱ्यांनी लावलेला रोडगा मात्र तिने अजून पाहिला नव्हता.

लोधीखेड्याच्या वाटेवरच्या या बागेत आज पांढुर्ण्याचे व्याही जेवायला येणार होते. थोरल्या डिंपलच्या लग्नाची तारीख काढायची होती. निदान बोलावणं तरी तसंच गेलं होतं. घरात मात्र आठवडाभर कोणी तारखेचं नाव काढलं नव्हतं. सगळे भांडत होते ते कबड्डीवरून.

"आई." धाकटी चंचल चुलीमागे येऊन उभी राहिली. अंगात कॉलेजच्या टीमची निळी जर्सी, पायात बूट. "सुमेध सर फाट्यावर गाडी घेऊन थांबून राहिले. साऱ्या पोरी बसल्या. मी आली तरच टीम निघन म्हणते ते."

"मले काय सांगतं? तुह्या बाबाले विचार."

"विचारलं. बाबा म्हणते, जाय. मंग आजोबाले विचारलं. आजोबा म्हणते, तुह्या बाबानंच मले कबूल केलं का पोरगी जाणार नाही. आई, बाबानं दोन्हीकडं हो म्हणून ठेवलं!"

सुधाने कपाळावर हात मारला. हात कणकेचा होता, कपाळही कणकेचं झालं. प्रभाकरने उभ्या आयुष्यात कोणाला नाही म्हटलं नव्हतं, आणि त्याच्या प्रत्येक 'हो'चं निस्तरणं तिच्या गळ्यात येई.

गोष्ट अशी होती. रघुनाथरावांच्या संस्थेचं सौंसरात कॉलेज होतं. ते अध्यक्ष, प्रभाकर सचिव, धाकटा अतुल सदस्य. कॉलेजच्या मुलींची कबड्डीची टीम सातपुडा करंडकात पहिल्यापासून छिंदवाडा गटात खेळायची, आणि दरसाल तिथल्या मोठ्या कॉलेजांकडून मार खाऊन घरी यायची. यंदा टीममध्ये दम होता. चंचल कप्तान होती आणि सुमेध सरांनी उन्हाळाभर पोरींना मैदानावर लोळवलं होतं. पण सौंसर छिंदवाड्यातून काढून नवा पांढुर्णा जिल्हा झाल्यावर करंडकाचा पांढुर्णा गटही निघाला होता, आणि त्याचे अध्यक्ष होते होणारे व्याही गुणवंतराव. कोणत्याही कॉलेजला गट बदलता येत होता. अट एवढीच, की नव्याने आलेल्या टीमने पहिलं वर्ष नुसते साखळी सामने खेळायचे, वरच्या फेरीत जायचं नाही. विद्यापीठाची टीम निवडणारी मंडळी यायची ती वरच्या फेरीलाच. चंचलचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष होतं. आता गट बदलला, की तिची विद्यापीठाकडून खेळण्याची वाट कायमची बंद.

छिंदवाडा गटातला पहिला सामना आज दुपारी होता. वर्षाचा पहिला सामना ज्या गटात खेळाल, वर्षभर त्याच गटाचे, असा नियम होता. म्हणून सुमेध सर फाट्यावर थांबले होते आणि म्हणूनच चंचल बूट घालून आली होती.

"एका सालाचं काय एवढं व?" सुधा निखारा सारखा करत म्हणाली. तिने वर पाहिलं नाही.

"माह्याजवळ एकच साल आहे, आई."

"ताईचं लग्न आहे, बाई. तुह्या आजोबानं शब्द देल्ला आहे तिच्या सासऱ्याले."

"ताईचं लग्न कुलदीपजीजूसंग लागून राहिलं का पांढुर्णा गटासंग?"

"तोंड नको चालवू. एवढ्या खेपेले ऐक. माह्यासाठी ऐक."

चंचल "तू पण?" एवढंच म्हणाली आणि खाली बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागली. सुधाला तिचा हात धरून थांबवावंसं वाटलं. पण काय उपयोग? सुपारी फुटली होती.

हो, सुपारीच. साक्षगंधाच्या दिवशी गुणवंतरावांनी भर मांडवात सांगितलं होतं, "आमाले हुंडा नाही पाहिजे. गाडी नको, सोनं नको. पोरगी द्या, बस." लोक वाहवा करायला लागले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. रघुनाथरावांची छाती अशी फुगली की शेरवानीचं बटण तुटायचं बाकी राहिलं. मग सुपारी फोडायची वेळ आली तसे गुणवंतराव म्हणाले, "एक लहानशी गोठ मागतो, इवाईबुवा." आणि रघुनाथरावांनी काय करावं? काय मागता असं विचारावं की नाही? नाही! त्यांनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि गर्जले, "मांगा! देल्ली!" सुपारी फुटली, वाजंत्री वाजली, आणि मग कळलं की मागितलेली गोष्ट म्हणजे कॉलेजची कबड्डीची टीम. ऐकायच्या आधी हो म्हणण्याचा हा मान या घराण्यात बाप-लेकांना सारखाच होता. बाप ऐटीत हो म्हणायचा, लेक भिऊन. आवळा देऊन कोहळा काढावा तो गुणवंतरावांनी.

"दही कमी पडन असं वाटते," सुधा मोठ्याने म्हणाली, कारण काहीतरी बोलायला हवं होतं. डिंपल पाण्याची कळशी घेऊन येत होती. "डिंपल, स्कुटीनं लोधीखेड्यातून दही घेऊन ये. अन् इले ने संगं. इथं तोंड पाडून बसली तं इवाई विचारतीन."

डिंपलने बहिणीकडे पाहिलं, मग आईकडे. ही पोरगी लहानपणापासून कमी बोलायची, म्हणून सगळे तिला गरीब समजत. "नेतो," ती म्हणाली. चंचलने सोडलेल्या नाड्या तशाच लोंबत होत्या.

व्याही आले ते हॉर्न वाजवतच आले. गुणवंतराव उंचापुरा, रुंद छातीचा माणूस. तरुणपणी तिगावपासून मुलताईपर्यंतची मैदानं त्यांनी गाजवली होती असं ते स्वतः सांगत, आणि डाव्या हाताची वाकडी करंगळी पुरावा म्हणून दाखवत. संत्र्याचा व्यापार करत, पण बोलत ते कबड्डीचं. त्यांच्यामागे केसरबाई उतरल्या. त्यांच्या हातात मिठाई, आणि चेहऱ्यावर लांबच्या प्रवासात एकच गाणं ऐकून आलेल्या माणसाचा थकवा. कुलदीप नागपूरला कामावर होता, तो येणार नव्हता.

पाणी झालं, चहा झाला. तारखेचा विषय निघाला आणि दोन वाक्यांत मावळला.

"तारीख काय, गुरुजी सांगतीन ते," गुणवंतराव म्हणाले. "पहिले आपल्या टीमचं सांगा. मी गटाच्या बैठकीत छातीठोक सांगून आलो, सौंसरची टीम आपल्यात आली म्हणून. आता आपला जिल्हा झाला, इवाईबुवा. कधीपर्यंत छिंदवाड्याच्या मांगं मांगं जाणार?"

"बराबर," रघुनाथराव म्हणाले.

"बराबर आहे," प्रभाकर म्हणाला.

"काय बराबर आहे, दादा?" अतुल उसळला. सुधाचे कान टवकारले. चुलीपासून सतरंजी फार लांब नव्हती आणि हे लोक हळू बोलणारे नव्हते. "छिंदवाडा गट काही लहान नाही. इतकी सालं खेळून राहिलो, वळख झाली. यंदा पोरी वर जाऊ शकते. आताच कायले सोडाचं? पुढच्या साली सोडू. चंचलचं शेवटचं साल आहे, तिचा तं विचार करा."

अतुलभाऊजींच्या तोंडून चंचलचं नाव ऐकून सुधाला हुरूप आला. या घरात एक तरी माणूस आहे म्हणायचा! तिने वांग्याच्या भाजीत तिखट टाकताना हात सैल सोडला.

"अतुलराव," गुणवंतराव शांतपणे म्हणाले, "तुमच्यासारखा बोलणारा माणूस गटाले पाहिजे. आमची उपाध्यक्षाची जागा रिकामी आहे. मी तं तुमचंच नाव धरून बसलो."

झाडावर एक पाखरू ओरडलं. अतुलने चहाचा कप खाली ठेवला.

"तसं पाहिलं तं," तो म्हणाला, "जिल्हा आपला आहे. आपण नाही जाणार तं कोण जाईन?"

"बराबर," प्रभाकर म्हणाला.

सुधाने झाकण भांड्यावर असं आदळलं की सतरंजीवरचे पाचहीजण वळून पाहायला लागले. "काही नाही," ती म्हणाली, "हातातून सुटलं." घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं ही म्हण तिने माहेरी शंभरदा ऐकली होती, पण घोडं येऊन आपल्याच घरातली माणसं पाठीवर बसवून नेताना ती पहिल्यांदा पाहत होती.

केसरबाई उठून चुलीपाशी आल्या. तिथल्या दगडावर बसल्या आणि न विचारता कोथिंबीर निवडायला लागल्या.

"राहू द्या ना, इहीणबाई. तुमी बसा तिकडं."

"तिकडं बसून काय ऐकू? घरी तेच, गाडीत तेच. रात्री झोपेत हात मारते माह्या अंगावर, म्हणते पकड, पकड." केसरबाईंनी काडी मोडली. "तुमचा चेहरा काऊन उतरला?"

सुधाने ठरवलं होतं बोलायचं नाही. मुलीकडच्या बाईने विहिणीपुढे रडगाणं गाऊ नये, हे तिला आईने शिकवलं होतं. पण धूर डोळ्यांत होता आणि झाकण आदळूनही राग उतरला नव्हता. "माह्या लहानीचं साल चाललं," ती म्हणाली. "तुमच्या गटात पहिल्या साली वर जाता येत नाही. अन् तिचं हे शेवटचं."

"कोणाचं, चंचलचं?" केसरबाईंचे हात थांबले. "मले कोणी हे सांगतलं नाही."

"तुमाले कोण सांगन?"

"हे बी खरं. आमच्या घरी मले आवाज देते ते ताट वाढासाठी." त्यांनी निवडलेली कोथिंबीर ताटात टाकली. "मंग तुमी काऊन नाही म्हणलं नाही?"

सुधा वांग्याची भाजी ढवळायला लागली. सासऱ्यांचा राग होता, नवऱ्याचा होता, दिराचा तर ताजाच होता. पण सकाळी पोरीला बुटाच्या नाड्या सोडायला लावल्या त्या या तिघांपैकी कोणी नव्हे.

डिंपल दही घेऊन आली. एकटीच.

"चंचल कुठं आहे?"

"येते. तिचं डोकं गरम आहे. थंड होऊ दे." डिंपलने डबा ठेवला आणि पत्रावळी मांडायला लागली. सुधाला वाटलं, मैत्रिणीकडे जाऊन बसली असेल. तिला तेवढी सवड द्यावी म्हणून ती पुढे काही बोलली नाही.

रोडगे निखाऱ्यातून निघाले, फडक्यात घोळले गेले, फोडले गेले. पण पंगत बसेना. आधी अतुलने सावलीची जागा बदलायला लावली. मग रघुनाथरावांना व्याह्यांना बाग दाखवायची होती. मग गुणवंतरावांनी प्रत्येक झाडापाशी उभं राहून संत्र्यावर एक आणि कबड्डीवर दोन अशा गोष्टी सांगितल्या. सुधा दोनदा म्हणाली, "अहो, जेवून घ्या ना." दोन्ही वेळा प्रभाकर हो म्हणाला आणि तिथेच उभा राहिला. ऊन कलायला लागलं तेव्हा कुठे मंडळी पत्रावळींवर बसली. वरणावर साय धरली होती.

पहिला घास कोणी घेण्याआधीच गुणवंतरावांनी हात वर केला. "थांबा. एक शुभ काम करून घेऊ." त्यांनी पिशवीतून एक पिवळीधमक जर्सी काढली. पाठीवर मोठ्या अक्षरांत पांढुर्णा लिहिलं होतं आणि खाली कप्तान. "बोलवा आमच्या कप्ताननीले. तिच्याच हातात देतो."

रघुनाथरावांचा ऊर भरून आला. "चंचल!" त्यांनी हाक मारली. "ए चंचल! अरे, पोट्टी कुठं गेली?"

डिंपल तूप वाढत होती. तिने तुपाचं भांडं खाली ठेवलं आणि पदर सारखा केला.

"चंचल छिंदवाड्याले गेली, आजोबा," ती म्हणाली. "टीमसंग. मी सकाळीच फाट्यावर सोडून आली."

सुधाच्या हातातला रोडग्याचा तुकडा तसाच राहिला.

"छिंदवाड्याले? कोणाले विचारून?" रघुनाथराव गरजले.

"बाबानं तं हो म्हणलं होतं."

"मी..." प्रभाकर म्हणाला आणि इकडेतिकडे पाहायला लागला.

"आतापर्यंत मॅच संपत आली असन," डिंपल म्हणाली. "म्हणजे यंदा टीम छिंदवाडा गटाचीच."

गुणवंतरावांनी जर्सीची घडी केली. ती नीट झाली नाही, पुन्हा केली. "म्हणजे शब्द मोडला," ते हळू आवाजात म्हणाले, आणि त्या हळू आवाजाचीच सगळ्यांना भीती वाटली. "मी साऱ्या गटाले सांगून बसलो. आता लोकाले काय तोंड दाखवू? सुपारीवर देल्लेला शब्द होता, इवाईबुवा."

"पोरगी लहान आहे, तिले समजत नाही," रघुनाथराव काकुळतीला आले. त्यांना असं पाहिल्याचं सुधाला आठवत नव्हतं. "मी आता सुमेधले फोन लावतो. मॅच थांबवाले लावतो."

"नका लावू, आजोबा." डिंपल गुणवंतरावांकडे वळली. "बाबूजी, तुमी माह्यासाठी हुंडा मांगतला नाही. मले लय चांगलं वाटलं होतं. मी मैत्रिणीले सांगतलं, माह्ये सासरे असे आहे. मंग तुमी टीम मांगतली. आजोबानं देल्ली. पण ती टीम आजोबाची नव्हती. लग्न माह्यं, साल चंचलचं, अन् दोघींपैकी एकीले बी कोणी विचारलं नाही. माह्यं लग्न झालं असतं अन् चंचल साऱ्या लग्नात हसली असती, पाहुण्याले चहा देल्ला असता. मले ते पाहणं झालं नसतं. आता तुमाले मी नको असली तं सांगून द्या. कुलदीपले मी सकाळीच सांगून देल्लं."

"कुलदीप काय म्हणला?" केसरबाईंनी विचारलं.

"म्हणला, बाबूजी रागावतीन. मंग म्हणला, तिले फाट्यावर सोडून ये."

गुणवंतराव उठले. जर्सी पिशवीत कोंबली, चपला शोधायला लागले. रघुनाथराव त्यांच्यामागे, प्रभाकर त्यांच्यामागे. "असं भरल्या ताटावरून नका उठू, इवाईबुवा," "ऐकून तं घ्या," असं सुरू झालं. अतुल कोणाकडून बोलायचं ते न ठरल्यामुळे दही खात बसला. सुधाला ओरडावंसं वाटत होतं आणि कोणावर ओरडायचं ते कळत नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. एका मुलीने दुसरीसाठी आपलं लग्न पत्रावळीवर ठेवलं होतं, आणि आई म्हणवणारी ती स्वतः हातात थंड तुकडा धरून बसली होती.

"चला," गुणवंतराव बायकोला म्हणाले.

केसरबाई हलल्या नाहीत. त्यांनी रोडग्याचा तुकडा वरणात कुस्करला, वरून तूप घेतलं आणि सगळ्यांच्या देखत पहिला घास तोंडात घातला. सतरंजीभोवतीची गडबड थांबली. नवरदेवाच्या आईने मुलीकडच्या ताटात घास घेतला, की मान पावला, रुसवा संपला. त्यानंतर कोणी उठून जायचं नसतं, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

"अवो, हे काय करून राहिल्या?" गुणवंतराव ओरडले.

"जेवून राहिली. सकाळची उपाशी आहे." केसरबाईंनी दुसरा घास केला. "सुपारी फोडताना तुमी तरी मले कुठं विचारलं होतं? मी पोराचं लग्न ठरवाले आली होती. मले वाटलं, सून घेऊन जाऊ. तुमी सात पोरी मांगून बसले."

गुणवंतरावांच्या एका पायात चप्पल होती, एक पाय मातीत. जावं तर बायको जेवत होती, बसावं तर तोंड नव्हतं. अशा अवस्थेत ते उभे असताना डिंपलचा फोन वाजला.

तिने पदराने हात पुसला, फोन कानाला लावला. "हाव... हाव... खरंच?" मग तिचे डोळे भरले आणि ती नुसतीच मान हलवत राहिली.

कोणी विचारेना. रघुनाथरावांना विचारायचं होतं, पण व्याह्यांसमोर विचारणं म्हणजे जखमेवर मीठ. शेवटी गुणवंतरावांनीच घसा खाकरला.

"काय झालं तिकडं?" ते झाडाकडे पाहत म्हणाले.

"जिंकले, बाबूजी."

"कोणाले हरवलं?"

"मागच्या साली करंडक नेल्ला ना, त्याहिले."

गुणवंतराव पूर्ण वळले. "त्याहिले? किती पॉइंटानं?"

"एका."

"शेवटची रेड कोणाची? विचार ना, शेवटची रेड कोणाची होती?"

"चंचलची. समोर तिघी होत्या म्हणते. बोनस घेऊन एकीले लागून आली."

"तिघी असल्यावर बोनस नाही भेटत!" गुणवंतराव सतरंजीवर येऊन बसले, एका पायातल्या चपलेसकट. "सहा पाहिजे समोर. नीट विचार. दोघीले लागली असन. तिघी असताना दोघीले लागून येणं... इवाईबुवा, हे काही साधं काम नाही." ते आपली वाकडी करंगळी वर करून रघुनाथरावांना दाखवायला लागले. "मी एकदा तिगावले असाच फसलो होतो..."

"पुढच्या साली टीम तुमच्यातच येईन," रघुनाथराव संधी साधून म्हणाले. "शब्द मोडला नाही, थोडा लांबला."

"पुढच्या साली ती पोरगी कुठं राहीन टीममध्ये?" गुणवंतराव म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आल्यासारखे गप्प झाले. त्यांनी पत्रावळ पुढे ओढली. "वाढा," ते म्हणाले. "थंड झालं सारं."

"बराबर," प्रभाकर म्हणाला.

सुधा उठली. डिंपलकडे हात पुढे केला. "दे माह्याजवळ."

फोनच्या पलीकडे पोरींचा कल्ला होता, कोणी तरी ताट वाजवत होतं. "चंचल," ती म्हणाली. चंचलने जिंकल्याचा फोन बहिणीला लावला होता, आईला नाही. सुधाने ते मनात नोंदवलं. त्यात चंचलचं काही चुकलं होतं असं तिला वाटलं नाही.

"आई," चंचल घाबरत म्हणाली, "ताईचं लग्न मोडलं का?"

सुधाने वळून पाहिलं. केसरबाई डिंपलला आपल्याशेजारी बसवून तिच्या पत्रावळीत रोडगा वाढत होत्या. गुणवंतराव अतुलला पकड कशी करायची ते दाखवत होते आणि अतुलचं मनगट दुखत होतं.

"नाही मोडलं," ती म्हणाली. "जेवून राहिले सारे. तुले लागलं का कुठं?"

"गुडघा सोलला. आई, मी तुले विचारलं होतं सकाळी. तू नाही म्हणली. मी मंग न विचारता..."

"माहीत आहे." सुधा म्हणाली. दिवसभर ज्यांच्यावर ती चिडली होती ते सगळे समोर बसून जेवत होते, आणि त्यांच्या पंक्तीत तिचीही एक पत्रावळ मांडलेली होती. तिने पाठ फिरवली, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून दोन पावलं झाडांत गेली.

"चंचल, ऐक. पुढच्या खेपेले असं जायचं असलं तं कोणाले विचारत नको बसू," ती म्हणाली. "मले बी नाही."